कायदा फक्त आपल्या माणसांपुरता? – कुलभूषण जाधव प्रकरणावरून एक पाठ



दुटप्पीपणा म्हणजे काय, हे आमच्या मंगळवार पेठेतल्या पोरांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. फुटबॉलमध्ये आपला खेळाडू पडला की 'फाऊल', समोरचा पडला की 'नाटक'! देशही कधी कधी असेच वागतात. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी हे उदाहरण घेता येईल.

घटना : कुलभूषण जाधव हे नौदलातले निवृत्त अधिकारी, मराठी माणूस. मार्च 2016 मध्ये पाकिस्तानने त्यांना हेर म्हणून पकडल्याचे जाहीर केले. भारताचे म्हणणे असे की त्यांना इराणमधून पळवून नेले. एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली.

नियम : परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधता आला पाहिजे, असे 1963 चा व्हिएन्ना करार सांगतो. पाकिस्तानही या कराराने बांधलेला आहे. तरीही भारताने वारंवार मागूनसुद्धा भेट मिळाली नाही.

25 डिसेंबर 2017 रोजी माणुसकीच्या नात्याने म्हणून आई आणि पत्नीला भेटू दिले. पण मध्ये काच! आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, की त्याआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली आणि आई मराठीत बोलू लागली तर तिला अडवले. लेकराशी आईने कोणत्या भाषेत बोलायचं?

दुसरी बाजू : 1971 च्या युद्धानंतर पाकिस्तानचे सुमारे 93,000 कैदी भारताच्या ताब्यात होते. त्यातल्या 195 जणांना खटल्यासाठी बांगलादेशकडे सोपवू नये म्हणून 1973 मध्ये पाकिस्तान स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. पुढे तो दावा मागे घेतला. आपली माणसं अडकली तेव्हा कायदा आठवला होता!

17 जुलै 2019 रोजी त्याच न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी सांगितले, की पाकिस्तानने करार मोडला. वकिलातीला भेटू द्या, शिक्षेचा फेरविचार करा. मात्र सुटकेचा आदेश दिला नाही, हेही मुलांना सांगा. अर्धी गोष्ट सांगणं हाही दुटप्पीपणाच. मुद्दा एवढाच, की हेरगिरीचा आरोप झाला म्हणून माणसाचे हक्क संपत नाहीत.

आता आरसा आपल्याकडे वळवू. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. पाकिस्तानने ती 2010 मध्ये दिली. म्हणजे कागदावर मान्यता असून वागणूक तशी नसते, हेही दिसलं. आणि वागणूक चांगली असेल तर कागदावर मान्यता द्यायला अडचण कसली, हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो.

वर्गात विचारा :
1. आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही नियम लागू होतो का? का?
2. जाधवांसाठी आपण जे मागतो, ते आपल्या तुरुंगातल्या परक्या कैद्याला द्यायला हवं का?

दुसऱ्या प्रश्नावर वर्ग गप्प होईल. होऊ द्या. लगेच उत्तर सांगू नका. घरी पालकांनीही हाच प्रश्न मुलांबरोबर स्वतःला विचारावा.