आजोबांची दुनळी: किंमत विचारण्याआधीचे सहा धडे

वडील गेले आणि आजोबांची बाराबोअरची दुनळी बंदूक आम्हा भावंडांच्या वाट्याला आली. ‘विलायती आहे, लाखांत जाईल,’ असं लोणी काळभोरातली सगळी भावकी सांगत होती. खरी किंमत कळेपर्यंत जे उमगलं, ते असं.

१. आधी जमा, मग कौतुक. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 21नुसार ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. आम्ही विक्रेत्याकडे दिली, पावती घेतली. पुढची तपासणीही त्याच्याच कारागिराने केली.

२. अर्ज कुठे, ते पाहा. आमचं पोलीस ठाणं मार्च 2021मध्ये पुणे ग्रामीणमधून शहर आयुक्तालयात आलं. त्यामुळे जुना परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, पण वारसाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि बाकी वारसांची लेखी संमती एकत्र ठेवा. 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून.

३. वरच्या नावावर भुलू नका. नळ्यांवर कोरलेलं नाव बरेचदा दुकानदाराचं असतं. खरं कुळ कळतं नळ्या उतरवून त्यांच्या पोटाखालच्या छापांवरून. मुकुटाखाली बीव्ही, बीपी म्हणजे बर्मिंगहॅम. लंबगोलात ईएलजी म्हणजे बेल्जियमचं लिएज. मुकुटाखाली एनपी असेल, तर नळी धूररहित दारूसाठी तपासलेली. या छापा घासून जातील असं पॉलिश मुळीच करू देऊ नका.

४. नळीच्या तोंडात डोकवा. छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. आमच्या नळ्यांना फक्त तोंडाशी दोनेक इंच पीळदार खाचा निघाल्या. ही ‘पॅराडॉक्स’ची पद्धत: छरेही चालतात, गोळीही सरळ जाते. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फॉस्बेरी या लष्करी अधिकाऱ्याने 1885मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि हॉलंड अँड हॉलंडने ती बाजारात आणली. पुढे इतरांनीही तशा बंदुका काढल्या. आमची अशा इतरांपैकीच, तरीही दुर्मीळ.

५. काडतूस बसलं म्हणजे चाललं असं नाही. जुन्या इंग्लिश बंदुकांची काडतुसाची जागा बहुधा अडीच इंचांची, म्हणजे सुमारे 65 मिलिमीटरची. आजची काडतुसं सहसा 70ची. लांब काडतूसही आत जातं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. मोजमाप झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

६. किंमत गिऱ्हाईक ठरवतं. लंडनच्या लिलावाचे आकडे इथे कामाचे नाहीत. शंभर वर्षांपुढची ऐतिहासिक वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्यामुळे देशाबाहेर विकायला नेता येत नाही, आणि इथे घेणाऱ्याकडे परवाना हवाच. नळ्या, खटक्याचा भाग आणि पुढची लाकडी मूठ यांवर एकच क्रमांक असेल, नळ्यांना पोचे नसतील, तर भाव चढतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा भावकीच्या आकड्यापेक्षा बराच खाली होता. थोरल्या भावाने ती आपल्या नावावर घेतली आणि बाकीच्यांचा हिस्सा त्याच आकड्याने चुकता केला.

एवढी धावपळ टाळताही येते. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, की 2016च्या नियमांनुसार हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. घरात म्हातारा परवानाधारक असेल, तर शेताच्या वाटणीआधी तो अर्ज करा.