मुलांचा दमा आणि आपलं घर : त्रासाचं कारण कसं शोधायचं?



पावसाळा सुरू झाला की वर्गातली दोन-तीन मुलं सकाळी पेंगुळलेली येतात. रात्रभर खोकला, पहाटे छातीत घरघर, झोप अर्धवट. मग परिपाठाला उभं राहवत नाही, गणिताच्या तासाला लक्ष लागत नाही आणि गैरहजेरी वाढते. घरी विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "हवा बदललीय ना, म्हणून." हवा बदलते हे खरंच. पण मूल रात्रीचे नऊ-दहा तास ज्या हवेत झोपतं ती घरातली हवा असते, आणि ती बदलणं बरंचसं आपल्या हातात असतं.

दम्यात नेमकं काय होतं?

दमा असलेल्या मुलाच्या श्वासनलिका हळव्या असतात. न सोसणारी गोष्ट श्वासातून आत गेली की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ वाढतो आणि हवेची वाट अरुंद होते. वर्गात समजावताना मी सरबताची नळी वापरते. आधी मोकळ्या नळीतून फुंकायचं, मग तीच बोटांनी चिमटून. मुलांना लगेच कळतं. (दमा असलेल्या मुलाला मात्र हा प्रयोग करायला लावू नका.)

त्रास चाळवणाऱ्या गोष्टींना डॉक्टर 'ट्रिगर' म्हणतात. त्यांचे दोन गट लक्षात ठेवा :

१) ॲलर्जी आणणाऱ्या गोष्टी – धूळकिडे, बुरशी, झुरळं, मांजर-कुत्र्याचा कोंडा, परागकण. या प्रत्येक मुलाच्या वेगळ्या असतात.

२) श्वासाला झोंबणाऱ्या गोष्टी – धूर, उग्र वास, रंगाचा वास. या कमी-अधिक सगळ्यांनाच त्रास देतात.

म्हणून पहिल्या गटासाठी शोध घ्यावा लागतो. दुसऱ्या गटासाठी थांबायचं कारणच नाही.

धूर आजच कमी करा

घरात बिडी-सिगारेट नको. दारात उभं राहून ओढली तरी धूर आत येतो, कपड्यांना वास राहतो. मच्छर अगरबत्तीचंही तसंच. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. दारं-खिडक्या बंद करून, मुलाच्या उशाशी कॉइल लावणं म्हणजे काय, याचा विचार करा. साधी मच्छरदाणी सगळ्यात उत्तम.

देवघरातल्या धूप-उदबत्तीबद्दल बोलताना घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन दुखवायची गरज नाही. निरांजन, फुलं आत आणि उदबत्ती गॅलरीत किंवा अंगणात तुळशीपाशी, एवढा बदल बहुतेक आजी-आजोबा आनंदाने करतात. फोडणीच्या वेळी खिडकी उघडा, मुलाला दुसऱ्या खोलीत बसवा. चूल असेल तर ती घराबाहेर किंवा पडवीत हलवता येते का बघा.

बाकीच्यासाठी नोंदवही

जुन्या वहीत पाच रकाने आखा : तारीख, त्रास किती वाजता झाला, मूल कुठे होतं, तेव्हा घरात काय चाललं होतं, औषध कोणतं दिलं. तीन आठवडे लिहा. मग वही समोर ठेवून एकसारखेपणा शोधा.

- अंथरुणात शिरल्यावर किंवा उठल्या उठल्या शिंका येतात – गादी, उशी, गोधडी तपासा.
- एकाच खोलीत, विशेषतः पावसाळ्यात त्रास – भिंतीची ओल, कपाटामागची बुरशी.
- केर काढताना, माळा आवरताना – धूळ.
- मावशीकडे गेल्यावरच – तिथलं मांजर, किंवा पाहुण्यांसाठी ट्रंकेतून काढलेली पांघरुणं.

एक सावधगिरी ठेवा. दमा मुळातच रात्री आणि पहाटे वाढतो. त्यामुळे दोन-तीन रात्रींवरून गादीला दोषी ठरवू नका. बदल शक्यतो एका वेळी एकच करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.

अंथरूण : धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कणांवर ते जगतात आणि दमट हवेत वाढतात. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा खूप गरम (साधारण ६० अंश) पाण्यात धुवा. गोधडीला कडक ऊन दाखवा, पण ती झटकण्याचं काम मुलाकडे देऊ नका. मऊ खेळणी अंथरुणातून बाहेर काढा.

ओल : बुरशी पुसून वर रंग मारला तर ती पुन्हा येते. गळका नळ, छताची गळती, तुंबलेली पन्हाळ, जे मूळ असेल ते आधी दुरुस्त करा. ओले कपडे मूल झोपतं त्या खोलीत वाळत घालू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

झुरळं : रात्री खरकटी भांडी आणि उघडा कचरा ठेवू नका. फवाऱ्यापेक्षा जेल बरं, कारण फवाऱ्याचा वासही झोंबतो.

केर : आधी ओल्या फडक्याने पुसा. दिवाळीची साफसफाई आणि रंगकाम चालू असताना मुलाला बाहेर ठेवा. शिक्षकांनो, वर्ग झाडायच्या आधी पाणी शिंपडा, डस्टर बाहेर झटका, आणि हे काम दमा असलेल्या मुलाकडे नको.

दोन गैरसमज

*"केळी, दही, भात बंद केला की दमा जातो."* खाल्ल्यावर ठरावीक त्रास होतो अशी नोंद असेल तर डॉक्टरांना दाखवा. नुसत्या संशयावरून वाढत्या वयाच्या मुलाचं खाणं तोडू नका.

*"पंपाची सवय लागते."* लागत नाही. इनहेलरमधून थोडं औषध थेट फुप्फुसात पोहोचतं. घर कितीही स्वच्छ केलं तरी डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका. आराम देणारा पंप मुलाच्या दप्तरात असावा आणि वर्गशिक्षकांना तो माहीत असावा.

थांबू नका, दवाखाना गाठा : मुलाला सलग वाक्य बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा पंप घेऊनही आराम पडत नाही, तर लगेच १०८ ला फोन करा.

या आठवड्याचा घरचा अभ्यास (पालकांसाठी)

संध्याकाळी मूल जिथे झोपतं तिथे, त्याच्या उशीवर डोकं ठेवून पाच मिनिटं पडा. कोणता वास येतो? कोपऱ्यात ओल दिसते का? पंख्याच्या पात्यांवर किती धूळ आहे? जे दिसेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. "कधी कधी त्रास होतो" एवढ्या उत्तरापेक्षा तिचा त्यांना कितीतरी जास्त उपयोग होईल.