कॅरॅव्हॅन पर्यटन : भिलाई ते बस्तर, मुलांसह

भारत-सोव्हिएत सहकार्यातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. प्रकल्पाबरोबर वसलेल्या नगरीत देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. रजा मिळाली की गावी जायचे, ही या कुटुंबांची सुट्टीची जुनी रीत. अलीकडे मात्र जवळचाच प्रदेश पाहावा, मुक्कामाचे घर सोबत न्यावे, ही कल्पना पुढे आली आहे. ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय असते अशा वाहनाला कॅरॅव्हॅन म्हणतात. मध्य भारतात असे वाहन अजून विरळाच. तथापि महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केल्याने हा विषय विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला आहे.

या धोरणांतील खरा कळीचा मुद्दा वाहनाचा नाही, थांब्याचा आहे. पाणी, वीज आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांची सोय असलेल्या जागेस कॅरॅव्हॅन पार्क म्हणतात. अशी जागा नसेल तर कुटुंब रस्त्याकडेला थांबते, वातानुकूलनासाठी जनित्र सुरू ठेवते आणि दारे-खिडक्या लावून झोपी जाते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वाहनात शिरल्याचे तपासात आढळले. हा वायू रंगहीन व गंधहीन असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो, त्यामुळे झोपलेल्या माणसास धोक्याची जाणीवच होत नाही. मुलांचा श्वसनाचा वेग अधिक असल्याने त्यांना बाधा लवकर होते. म्हणून रात्री इंजिन व जनित्र दोन्ही बंद, खिडकी थोडी उघडी आणि शक्य तर या वायूची सूचना देणारे यंत्र आत बसवलेले, ही किमान शिस्त होय. विजेची जोडणी असलेला थांबा ही चैन नसून सुरक्षिततेची बाब आहे, हे यावरून लक्षात यावे.

स्वयंपाकाच्या गॅसचे याउलट. तो हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. वासासाठी त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळलेले असते, पण त्यावर विसंबून राहू नये. वाहन चालू असताना रेग्युलेटर बंदच असावा.

मार्ग आणि वेळ

भिलाई राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. रायपूरहून दक्षिणेस महामार्ग ३० धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव या मार्गाने जगदलपूरला जातो. भिलाईपासून हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. मोठ्यांना ते एका दिवसाचे वाटते; मुले बरोबर असताना ते एका दिवसात कापू नये. पहिला मुक्काम धमतरीजवळच्या गंगरेल येथे, महानदीवरील रविशंकर सागराच्या परिसरात करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून केशकालचा घाट दिवसाउजेडी ओलांडावा. उंच वाहनाला ही वळणे जड जातात आणि मागच्या आसनावरील मुलांना हमखास मळमळते. न्याहारी हलकीच बरी. कोंडागाव हे घडवा या धातुशिल्पाचे केंद्र आहे. तेथे दोन तास थांबल्यास मुलांचा शीणही जातो.

चालत्या वाहनात बिछान्यावर मुलांना झोपवणे हा या प्रवासातील सर्वांत मोठा मोह असतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्टा किंवा बालसुरक्षा आसन नसल्यास चालकाला १,००० रुपये दंड आहे. दंडाची रक्कम किरकोळ आहे, अचानक ब्रेक लागल्यावर होणारी इजा मात्र तशी नसते. चालकाच्या विश्रांतीसाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात जे तत्त्व होते ते घरच्या चालकानेही पाळावे : सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती.

उन्हाळी सुट्टी या प्रदेशासाठी गैरसोयीची आहे. मे महिन्यात उभे वाहन भट्टीसारखे तापते. दसरा-दिवाळी किंवा नाताळची सुट्टी निवडावी. ७५ दिवस चालणारा बस्तर दसरा दंतेश्वरी देवीशी निगडित आहे. रथयात्रेच्या दिवसांत जगदलपुरात मोठे वाहन नेण्याचा हट्ट धरू नये. इंद्रावतीवरील चित्रकोट धबधबा पावसाळ्यानंतर भरलेला असतो. कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानातील कुटुमसर गुहा मात्र पावसाळ्यात बंद असते.

आरोग्याच्या बाबतीत बस्तरचा विचार वेगळा करावा लागतो. हिवतापाच्या प्रादुर्भावामुळे येथे २०२० मध्ये ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियान सुरू झाले. फॅल्सिपॅरम प्रकारचा हिवताप मुलांमध्ये झपाट्याने गंभीर होतो. मच्छरदाणी बिछान्याखाली खोचूनच वापरावी. परतल्यावर काही आठवड्यांतही ताप आल्यास रक्ततपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी. जुलाबासाठी क्षार-संजीवनीची पाकिटे सोबत असावीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा एक लिटर, स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट मिसळावे आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने मिसळण्याची सवय घातक आहे.

उरतो प्रश्न मैल्याच्या टाकीचा. जेथे कॅरॅव्हॅन पार्क नाही, तेथे निघण्यापूर्वीच मुक्कामाच्या निवासस्थानाशी बोलून वाहन उभे करण्याची, वीज घेण्याची आणि टाकी शौचटाकीत रिकामी करण्याची परवानगी घ्यावी. अशी सोय ठरत नसेल तर वाहनातील शौचालय फक्त रात्री मुलांसाठी राखून ठेवावे. टाकी नदीकाठी उघडू नये. खालच्या गावात त्याच पाण्यावर मुले आंघोळ करतात.