बुजऱ्या मांजरास घराची सवय



आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावी कडब्याची गंजी, पऱ्हाटीचा ढीग किंवा पडकी गढी पाहिली, तर तेथे एखादी तरी मांजरी व्यालेली आढळते. ही मांजरे कुळाने घरगुतीच; परंतु जन्मापासून माणसाचा हात न लागल्यामुळे ती माणसास भितात. गंजी उपसताना किंवा कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेले असे एखादे पिल्लू मुले शाळेत घेऊन येतात आणि “गुरुजी, ह्याचे काय करायचे?” म्हणून विचारतात. पोषण आहाराच्या तांदळास उंदीर लागले असतील, तर गुरुजींनाही ते हवेसे वाटते. पुढे दोन दिवसांत ते पळून जाते, नाही तर कोणास तरी चावते. असे होऊ नये म्हणून काय करावे, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

प्रथम पिल्लू कोठे सापडले, हे विचारावे. ऊसतोडीच्या वेळी फडात सापडणारी पिल्ले पुष्कळदा रानमांजराची, म्हणजे बाऊलाची असतात. मोठ्या बाऊलाचे उंच पाय, आखूड शेपटीच्या टोकाकडील काळी वलये व कानांच्या शेंड्यावरील काळे केस सहज ओळखू येतात. पिल्लांत ही लक्षणे ओळखणे अवघड असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानमांजर पकडणे व पाळणे गुन्हा आहे. असे पिल्लू सापडले त्या जागीच ठेवावे, माणसांनी दूर व्हावे व वनविभागास कळवावे; आई बहुधा रात्री येऊन त्यास नेते. घरगुती मांजरीचेही तसेच. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे. जागा सुरक्षित वाटली नाही की ती एकेक पिल्लू उचलून दुसरीकडे नेते. तेव्हा एकटे दिसलेले पिल्लू पोरके आहे, असे मानण्यापूर्वी काही तास वाट पाहावी.

माणसाळण्याचे वय फार लहान असते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श ह्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासावरून असे दिसले की, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान ज्या पिल्लांना माणसाचा हात लागतो, ती पुढे माणसाजवळ निर्भयपणे येतात. डोळ्यांचा निळसर रंग जाऊन पिवळा किंवा हिरवा उतरू लागला, म्हणजे हा काळ संपत आला, असे स्थूलमानाने समजावे. नंतरही मांजर माणसाळते, पण दिवसांचे काम महिन्यांवर जाते. आई सापडत असेल, तर पिल्लांसह तिलाही आणावे.

आणलेल्या मांजरास सारे घर एकदम मोकळे देऊ नये. एक लहान, शांत खोली पुरे. परभणीचा उन्हाळा लक्षात घेता पत्र्याची खोली वर्ज्य समजावी. माळवदाची असल्यास उत्तम. धान्याच्या खोलीतही त्यास कोंडू नये, कारण तेथे विष्ठेने धान्य बिघडते. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून आत गोणपाट अंथरावे. मांजर त्यात दडून बसेल. त्यास ओढून बाहेर काढू नये. लपण्यास जागा असलेले मांजर लवकर धीट होते, हे प्रथम खरे वाटत नाही. दुसऱ्या कोपऱ्यात घमेल्यात कोरडी भुसभुशीत माती ठेवली, की माती उकरून विष्ठा झाकण्याची उपजत सवय आपले काम करते. अन्नपाणी घमेल्यापासून दूर असावे.

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची म्हण आपण वर्गात शिकवतो, परंतु पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही व हगवण लागते. भाकरी-दुधावर मांजर जगवता येत नाही. त्यास लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांसाहारातूनच मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी व हृदय निकामी होते. उकडलेले अंडे, मासळी किंवा कोंबडीचे मांस द्यावे, पण कांदा-लसणाचा रस्सा देऊ नये. तो मांजरास विषारी असतो. ज्या घरी हे अन्न शिजत नाही, त्यांनी मांजर कोंडून ठेवण्याची जबाबदारी विचारपूर्वक घ्यावी. भीतीमुळे पहिल्या दिवशी ते खाणार नाही. पिल्लू दिवसभर किंवा मोठे मांजर दोन दिवस उपाशी राहिले, तर पशुवैद्यास दाखवावे. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मात्र कधीही देऊ नये. तिने मांजर मरते.

ओळख वेळेवर अवलंबून असते. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी अन्न ठेवून तेथेच जमिनीवर, अंग वळवून बसावे. हळू आवाजात काही वाचले तरी चालते. पाठ्यपुस्तकातील धडा वाचणारा समजूतदार विद्यार्थी येथे उपयोगी पडतो. मांजराकडे टक लावून पाहू नये. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात अशा माणसाजवळ मांजरे अधिक येतात, असे आढळले. अन्नाचे भांडे दररोज वीतभर जवळ आणावे. स्पर्श प्रथम गालास करावा, तोही मांजराने स्वतः हात हुंगल्यावर. मार्जारन्यायाचा दाखला देऊन मोठ्या मांजरास मानगुटीस धरून उचलू पाहणाऱ्यास मात्र नखांचा प्रसाद मिळतो. तो न्याय आईच्या तोंडातील पिल्लापुरताच खरा.

ह्या साऱ्यात सर्वांत मोठी काळजी मुलांची. रेबीज मांजराच्याही चावण्याने व ओरबाडण्याने होतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. ‘पिल्लू तर एवढेसे होते’ म्हणून मूल घरी सांगत नाही, हा खरा धोका होय. म्हणून बुजऱ्या मांजरास मुलांनी हात लावू नये, हे स्पष्ट बजावावे. परंतु चावले तर शिक्षा होणार नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगावे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना वा तिखट भरू नये. त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन लस सुरू करावी. मांजरासही सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचून घ्यावी. लसीसंबंधी व निर्बीजीकरणासंबंधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. मांजरी पाचव्या-सहाव्या महिन्यातच माजावर येऊ शकते व सुमारे नऊ आठवड्यांत विते, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये.

तीन-चार आठवड्यांनी खोलीचे दार उघडावे. पहिल्या वेळी संध्याकाळच्या अन्नापूर्वी, भूक असताना सोडावे, म्हणजे ते परत येते.

काही मोठी मांजरे कितीही केले तरी घरात रमत नाहीत. झडपा घालतात, खात नाहीत. अशांना महिनोन्महिने कोंडणे क्रौर्याचे आहे. निर्बीजीकरण व लस करून ती पूर्वीच्याच जागी सोडावीत आणि ठरलेल्या वेळी अन्नपाणी ठेवावे. पोट भरलेले मांजर उंदीर मारीत नाही, हा समज चुकीचा आहे. शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. फक्त त्या परिसरात उंदरांचे विष ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी लागल्यास तेही दगावू शकते.