राजाचे ताट व दानीएलाचा निश्चय
(कॉलेजात जाणाऱ्या तरुणांसाठी व त्यांच्या मंडळ्यांसाठी पाठ)

शास्त्रपाठ : दानीएल अध्याय १ ला, अध्याय ६, ओवी १०.

पाठाचा हेतु : काय शिकावे, काय स्वीकारावे आणि कोठे ठाम उभे राहावे, हे घर सोडण्यापूर्वीच मनात ठरविणे.

जून महिना जवळ आला की आपल्या खेड्यापाड्यांतील मुले व मुली शहरच्या कॉलेजात जावयास निघतात. आईबाप फीची व वसतिगृहाची चिंता वाहतात. रविवारच्या उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते. परंतु घरातून जो मुलगा जातो तोच परत येईल काय, हा प्रश्न क्वचितच कोणी मोठ्याने विचारतो. आजच्या पाठातील चार तरुणांपुढे हाच प्रश्न होता.

१. बाबेलची पाठशाळा. ख्रिस्तापूर्वी सुमारे ६०५ या वर्षी नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेवर स्वारी केली आणि तेथील घरंदाज व हुशार तरुणांपैकी कित्येकांस बाबेलास नेले. खास्द्यांची भाषा व विद्या शिकविण्यासाठी तीन वर्षांचा क्रम नेमिला होता. राहणे, जेवण व शिक्षण हे सर्व राजाच्या खर्चाने. तेथे छळ नव्हता, हे ध्यानात ठेवावे. राजाने त्यांच्यापुढे तलवार धरली नाही, ताट वाढले. मनुष्याचा धर्म धमकीने सुटतो त्यापेक्षा अधिक वेळा सोयीने सुटतो.

२. दानीएलाने काय स्वीकारले. त्याने परक्यांची भाषा शिकली, त्यांचे ग्रंथ वाचले, त्यांच्या दरबारात चाकरी केली. त्याच्या मूळ नावात देव हा आपला न्यायाधीश असा अर्थ होता. ते बदलून त्यास बाबेलच्या दैवतावरून बेल्टशस्सर हे नाव देण्यात आले. त्या नावाने हाक आली असता त्याने ओ दिली; मात्र पुस्तकाच्या उत्तरार्धात स्वतःविषयी सांगताना तो दानीएल असेच म्हणतो. यावरून, विद्येला भिणे हा विश्वास नव्हे, हे आईबापांनी समजून घ्यावे. रसायनशास्त्र, इतिहास किंवा जीवसृष्टीची उत्पत्ती यांचे पुस्तक मुलाच्या हाती दिसले म्हणून घाबरू नये. चौघेही आपल्या अभ्यासात सर्वांहून सरस ठरले, असेच शास्त्र सांगते. आळशी विद्यार्थ्याने आपल्या नापास होण्यास भक्तीचे नाव देऊ नये.

३. त्याने काय नाकारले. एकच गोष्ट : राजाच्या ताटातील अन्न व त्याचा द्राक्षारस. ते मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध असेल, किंवा मूर्तीस वाहिलेले असेल, असे टीकाकार समजतात. बाहेरच्यास ही लहानशी बाब वाटेल. परंतु आपण कोणाचे आहो याची खूण दानीएलाने तेथे ओळखली. प्रत्येक बाबतीत हट्ट धरणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि कोठेच न थांबणारा शेवटी कोठे जाऊन पोहोचेल हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

४. त्याची रीत. प्रथम त्याने मनात निश्चय केला. ताट पुढे आल्यावर विचार करू, असे म्हटले नाही. मग त्याने नम्रपणे विनंती केली. खोजांच्या सरदाराने आपल्या जिवाची भीती सांगितली, तेव्हा दानीएल रागावला नाही. त्याने देखरेख करणाऱ्या कारभाऱ्यास दहा दिवसांची परीक्षा सुचविली : आम्हांस शाकान्न व पाणी द्यावे आणि मग आमची तोंडे पाहावी. तिसरे असे की तो एकटा नव्हता. हनन्या, मीशाएल व अजऱ्या हे त्याच्याबरोबर होते. तरुण मित्रा, तुझेही पहिले दहा दिवस मोलाचे आहेत. त्या दिवसांतच शहरातील उपासनेचे ठिकाण शोध, दोन तरी सोबती जोड, आणि कोणी सहज विचारले असता आपण ख्रिस्ती आहो असे साधेपणाने सांग. पहिल्या आठवड्यात लपविलेली गोष्ट दुसऱ्या वर्षी उघड करणे फार कठीण जाते.

५. पंडिता रमाबाईंचे उदाहरण. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे झाला, व पुढे त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकू लागल्या. तेथे त्या संस्कृतही शिकवीत. ज्यांनी त्यांस आश्रय दिला त्यांच्याविषयी रमाबाईंस आदर होता. तरीही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सुचविले गेले, तेव्हा आपल्या लोकांस लॅटिन कळत नाही, अक्षरे संस्कृतच असावीत, असा त्यांनी आग्रह धरिला. मनाला पटल्यावाचून कोणतेही मत मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. एवढे असूनही विद्या घेण्यात त्या मागे राहिल्या नाहीत. पुढील आयुष्यात त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ख्रिस्ताचे होण्यासाठी आपली भाषा, आपले अन्न, आपले लोक यांची लाज धरावी लागत नाही, हे त्यांच्या जीवनावरून स्पष्ट होते. आपल्या गावच्या बोलीस कोणी हसले म्हणून, किंवा बाप मजुरी करतो म्हणून, मान खाली घालणाऱ्या मुलामुलींनी हे विसरू नये.

६. आपल्या काळचे ताट. शहरात मोह अनेक आहेत, व त्यांविषयी मुलांस पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु एक ताट शहरात पोहोचण्यापूर्वी, घरीच पुढे येते. ते म्हणजे प्रवेशाच्या अर्जावरील धर्माचा रकाना. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज अस्पृश्य मानलेल्या जातींतून ख्रिस्ताकडे आले. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती केवळ हिंदूंस होत्या. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या लागू झाल्या. ख्रिस्ती व मुसलमान अद्याप बाहेर आहेत. धर्म बदलल्याने गावकऱ्यांची नजर बदलत नाही, हे आपण जाणतो. म्हणून हा नियम बदलावा अशी मागणी करणे अगदी योग्य आहे. दानीएलानेही उघड मागणी केली. पण मागणे निराळे व लपविणे निराळे. कागदावर एक धर्म लिहावा आणि रविवारी दुसरा पाळावा, असा सल्ला ज्या मुलास घरूनच मिळतो, त्याने कॉलेजात खरे बोलावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

तथापि, लेकराच्या फीसाठी ज्या बापाने तसे लिहिले त्यास दोष देण्याची घाई कोणी करू नये. पाऊस गेला, कर्ज झाले, आणि फी भरण्याची शेवटची तारीख उद्यावर आली. त्या रात्री मंडळी कोठे होती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. चौघांनी मिळून शाकान्न खाल्ले म्हणून ते निभावले. खरेपणाची किंमत एकट्या कुटुंबावर टाकून मंडळीने केवळ उपदेश करणे न्यायाचे नाही. कापणीच्या सणाच्या अर्पणातून काही भाग विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. अर्ज भरण्याच्या दिवसांत पंचांनी घरोघर जाऊन अडचण विचारावी. नोकरीस लागलेल्यांनी एकेका मुलाच्या पुस्तकांचा खर्च उचलावा.

७. उघडी खिडकी. अनेक वर्षांनी, दारयावेशाच्या राज्यात, प्रार्थनेस बंदी झाली. तेव्हा वृद्ध दानीएलाने नवे काही केले नाही. यरुशलेमेकडील खिडकी उघडून तो पूर्वीप्रमाणे दिवसातून तीन वेळा गुडघे टेकीत राहिला. सिंहांच्या गुहेपुढे जे धैर्य दिसले ते तारुण्यातील ताटापासून रोज थोडे थोडे वाढत आले होते. वसतिगृहाच्या खोलीत तीन सोबत्यांच्या देखत दोन मिनिटे मस्तक नमविणे ही लहान गोष्ट नाही. ज्याने ती पहिल्या रात्री केली त्यास दुसऱ्या रात्री ती सोपी जाते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. बाबेलात दानीएलाने कोणत्या गोष्टी स्वीकारल्या व कोणती नाकारली? हा भेद त्याने कसा केला असावा?
२. आपल्या मंडळीतून या वर्षी कोण शिकावयास जात आहे? त्याची अडचण आपणांस ठाऊक आहे काय?
३. नम्रपणे नकार देणे व भिऊन गप्प बसणे यांत काय फरक आहे?
४. आपल्या घरातील कोणते ताट आपण निमूटपणे स्वीकारले आहे?

प्रार्थनेचा विषय : घर सोडून जाणारी आपली मुले, त्यांचे शिक्षक व खोलीतील सोबती, आणि मागे राहिलेल्या आपणां सर्वांस त्यांचा भार उचलण्याची इच्छा.