कोपऱ्यावरच्या करी हाऊसमध्ये जाताना

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचा घराजवळच्या ‘इंडियन’मधला पहिला अनुभव बहुधा फसतो. कोर्मा गोडमिट्ट लागतो, धनसाकमध्ये अननसाचे तुकडे निघतात, आणि विंदालूचा गोव्याशी काही संबंध उरलेला नसतो. इथे बरीच वर्षं राहिलेली कुटुंबं म्हणतात, पुण्या-मुंबईची चव शोधत तिथे जाऊ नका. ही हॉटेलं बहुतेक करून सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेला रुचेल अशा बेताने उभी केली. त्यांचं स्वतःचं पाकशास्त्र आहे, आणि ते समजून घेतलं तर तिथे फार छान जेवता येतं.

त्या स्वयंपाकघरात सगळा खेळ एका रश्श्याचा असतो. भरपूर कांदा, आलं-लसूण, थोडा मसाला आणि तेल घालून तासन्‌तास शिजवायचं, मग गुळगुळीत वाटून मोठ्या पातेल्यात तयार ठेवायचं. मांस आधीच शिजवलेलं असतं. ऑर्डर आली की तापल्या तव्यात तेल, लसूण, मसाला, वर त्या रश्श्याचे दोन-तीन डाव, आणि काही मिनिटांत भाजी तयार. मलई आणि नारळ पडला की कोर्मा, तिखट वाढलं की मद्रास, आणखी वाढलं की विंदालू. म्हणूनच चार जणांनी चार करी मागवल्या तरी चव सारखीच वाटते. त्यापेक्षा एखादी करी, तडका डाळ, तंदूरमधलं काहीतरी आणि भेंडी किंवा साग आलू असं मागवा. भाज्यांचं ‘साइड डिश’ आकाराने लहान आणि स्वस्त असतं, त्यामुळे दोन-तीन सहज घेता येतात. प्रत्येक डिश तव्यावर वेगळी होत असल्याने ‘मलई नको, हिरवी मिरची घाला’ असं बिनदिक्कत सांगा. करीबरोबर भात किंवा नान येत नाही, ते वेगळं मागवावं लागतं.

बसल्या बसल्या पापड आणि चटण्यांचा ट्रे येतो. तो बहुतेक ठिकाणी माणशी आकारला जातो; नको असेल तर तेव्हाच सांगा. जिथे दारूचा परवाना आहे तिथे नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, फक्त ‘टॅप वॉटर’ म्हणा, नाहीतर बाटली येईल.

शाकाहारी मंडळींनी नानच्या पिठात अंडं आहे का आणि भजी कोणत्या तेलात तळतात, हे विचारायला संकोचू नये. शेंगदाणे, काजू-बदाम किंवा मोहरीची अ‍ॅलर्जी असेल तर जरूर सांगा. कायद्याने चौदा अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं हॉटेलला बंधनकारक आहे. कोर्मा आणि पसंदामध्ये बदामाची पूड असते, हे मुलांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवा.

बिलातल्या किमतींत व्हॅट धरलेला असतो. खाली सर्व्हिस चार्ज लावला आहे का ते पाहा. लावला असेल तर वर टिप द्यायची गरज नाही, आणि सेवा बरी नसेल तर तो काढायलाही सांगता येतो. ऑक्टोबर 2024 पासून टिपची सगळी रक्कम कामगारांना देणं मालकांवर बंधनकारक झालं आहे, तेव्हा चांगलं वाढलं असेल तर हात आखडता घेऊ नका. ती माणसं रात्री उशिरापर्यंत उभी असतात.

शुक्रवार-शनिवारची रात्र टाळा. तव्यासमोर रांग लागलेली असते आणि बोलायला कुणाला सवड नसते. आडवारी जा, ओळख वाढवा, गावाकडची विचारपूस करा. वाढणाऱ्यांच्या स्वतःच्या जेवणासाठी मागे वेगळी करी शिजते, तिला ‘स्टाफ करी’ म्हणतात. ती मेनूवर नसते. हाडासकट मटण, कधी मासळी, त्यात शातकोरा नावाच्या सिल्हेटी लिंबाची साल. चार-सहा वेळा गेल्यावर ‘आज तुमच्यासाठी काय केलंय?’ असं विचारून बघा.