आजारी माणूस घरात एकच असू द्या

मुलाची गोळी रात्री जेवण झाल्यावर न चुकता जाते. तुमची रक्तदाबाची गोळी जाते का? पालकांना हे विचारलं की आई बाबांकडे बघते आणि बाबा फाइल चाळायला लागतात.

हे हितगुज आहे ते नैराश्यातून हळूहळू वर येणारं तरुण मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांच्याशी. निदान झालंय, औषधं सुरू आहेत, समुपदेशकाकडे जाणं-येणं चाललंय. म्हणजे करायला हवं ते तुम्ही केलंत. आता जरा घराकडे बघा. आईचं गुरुवारचं भजनी मंडळ सुटलंय. बाबांचं सकाळचं फिरणं बंद पडलंय. गणपतीला गावी जाणं रद्द, पाहुण्यांना 'सध्या नको'. सगळं घर एका बंद दाराला कान लावून बसलंय.

मुलांना हे दिसत नाही असं समजू नका. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' ही अपराधी भावना नैराश्याच्या लक्षणांतच मोडते. त्यात आईचं भजन आपल्यापायी सुटलं हे रोज डोळ्यांसमोर असेल, तर तुमचा त्याग त्याच्या नावावर कर्ज म्हणून चढत जातो.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून एका प्रश्नाचा माग काढला: मनोरुग्णालयातून बरे होऊन घरी गेलेले काही रुग्ण लवकर परत का येतात? घरात सतत टीका होत असेल, राग धुमसत असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तिसरी गोष्ट होती घरच्यांचं अति गुंतणं. ब्राऊन यांचं काम मुख्यतः स्किझोफ्रेनियाचं, पण घरातलं वातावरण मोजण्याची ही पद्धत पुढे नैराश्याच्या अभ्यासातही वापरली गेली. आजार पालकांमुळे होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण आपल्याकडे टीकेला निदान दोष तरी म्हणतात. अति गुंतण्याला आपण माया म्हणतो, म्हणून ते कोणी थांबवत नाही.

मग करायचं काय? आधी तुमची झोप. बाकी सगळं त्यानंतर, एक अपवाद सोडून. मुलाने जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, लक्ष ठेवायचं, औषधांच्या पट्ट्या कुलपात ठेवायच्या. 'जगणं नकोसं वाटतं का रे?' असं सरळ विचारायलाही घाबरू नका; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पण अशा दिवसांतही दोघांनी मिळून रात्र जागू नये. पाळी लावा. आज आई, उद्या बाबा, शनिवारी मामा किंवा मोठी बहीण. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत जाऊन खरोखर झोपायचं, फोनवर आजाराची माहिती वाचत पडायचं नाही. आणि संध्याकाळी उशिराचा चहा सोडा. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. साडेसहाच्या कपाचा हिशेब रात्री साडेअकरालाही चालूच असतो.

मग फिरणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते. पण आज सोसायटीभोवती एक चक्कर झाली तरी ठीक. निघताना मुलाला एकदाच विचारा, 'मी चाललोय, येतोस?' नाही म्हणाला तर चपला घाला आणि निघा. त्याच्यासाठी थांबू नका, त्याला ओढूनही नेऊ नका.

दिवसातून दहा वेळा त्याचा चेहरा वाचणंही थांबवा. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला सहसा २ ते ४ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि चांगल्या दिवसामागून वाईट दिवस येऊ शकतो. 'आज हसला', 'आज जेवला नाही' अशी तासातासाची नोंद ठेवलीत, तर त्याच्याआधी तुम्हीच गळून जाल. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

नातेवाइकांसाठी एक वाक्य दोघांनी ठरवून ठेवा: 'तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत.' तेवढंच, फोन कोणाचाही असो. मात्र एक माणूस असा हवा, ज्याच्यापुढे सगळं बोलता येईल, रडता येईल. बाबांनो, हे तुम्हालाही सांगतेय. ऑफिसात उशिरापर्यंत थांबणं म्हणजे सावरणं नव्हे.

आई पुन्हा भजनाला निघाली की कोणीतरी म्हणणारच, 'पोरगं आजारी आणि हिला टाळ सुचतायत.' त्याला उत्तर आईने द्यायचं नाही, बाबांनी द्यायचं. जाहिरातींतल्या सुगंधी मेणबत्त्या आणि मसाज म्हणजे स्वतःची काळजी, हे मला पटत नाही. खरी काळजी इतकी साधी असते की तिच्यासाठी नवऱ्याने एक संध्याकाळ घरी थांबलं तरी पुरतं. एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पालकांना हेही सोपं नाही, ठाऊक आहे. त्यांनी शेजारणीकडे तासाभराची मदत मागायला संकोचू नये.

आणि दोन आठवडे तुमचीच झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो थकवाच आहे असं धरून बसू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, मोफत आहे, रात्रीअपरात्री फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं. फोन मुलासाठीच करायचा असं कुठेही लिहिलेलं नाही. मुलाच्या पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा डॉक्टरांकडे पाच मिनिटं स्वतःसाठीही मागून घ्या.